पिवळी पावलं

शिट्टीवाल्याची थोरली चाळिशीला टेकल्यावर गवत शिकायला कॉलेजात जाणार, हे ऐकून लोक आधी पोट धरून हसले. गवतात शिकण्यासारखं काय असतं, ते तर गाईलाही कळतं, असं एकाने तिच्या तोंडावर ऐकवलं. "गाईला खायचं कळतं, वाढवायचं नाही," थोरली म्हणाली. लोकांचं हसणं काही थांबलं नाही, पण निदान तिच्या समोर तरी थांबलं.

तिच्या वडिलांना खरं नाव होतं, पण ते घरच्या कागदांपुरतंच. बाकी सगळ्यांसाठी ते 'शिट्टी'. गावच्या खेळाच्या मैदानाचं गवत त्यांनी उभी हयात सांभाळलं, तळहातावरच्या फोडासारखं. गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी असायची. ओल्या गवतावर कुणी पाऊल टाकलं की ती वाजलीच. खेळाडू असो, नगराध्यक्ष असो, त्यांना कुणाचा मुलाहिजा नव्हता. लग्न नवं असताना त्यांची बायको दुपारचा डबा घेऊन मैदानातून सरळ त्यांच्याकडे चालत आली, तर चारचौघांत तिच्यावरही शिट्टी मारली. बिचारी शरमेने लाल झाली, मागे फिरली आणि डबा कठड्यावर ठेवून निघून गेली. त्यानंतर तिने त्या गवतावर कधी पाय ठेवला नाही. डबा रोज यायचा, तो कठड्यापर्यंतच.

दिवस उजाडता उजाडता मैदानावर जाऊन दव झाडायचं, हा त्यांचा नेम. एक लांब, लवचिक काठी असते. ती गवतावरून आडवी फिरवत चालायचं, म्हणजे पात्यांवरचे थेंब खाली पडतात. दव पात्यांवर तसंच राहिलं तर बुरशी धरते. हे त्यांना कुणी शिकवलं ते माहीत नाही, पण थोरली लहान असताना त्यांच्या मागे मागे चालायची आणि ती काठीची सळसळ ऐकत मोठी झाली. धाकटी लग्न करून लांब गेली. थोरली राहिली, कारण कुणीतरी राहायलाच हवं होतं. दुकानात हिशेब कर, रोपवाटिकेत कुंड्या भर, असं करत तिची उमेदीची वर्षं गेली, आणि याबद्दल तिला कुणी विचारलंही नाही.

मग वडील निवृत्त झाले. डोक्यात रक्ताची गाठ येऊन उजवा पाय ओढला जायला लागला आणि त्याच्या मागोमाग आठवणही गळायला लागली. त्याच सुमारास गावातल्या कम्युनिटी कॉलेजने लांबच्या शहरातल्या विद्यापीठाशी हातमिळवणी केली. बागकाम आणि हिरवळ, असा अभ्यासक्रम. पहिली दोन वर्षं गावातच शिकायचं, विद्यापीठाच्या मॅडम आठवड्यातून एकदा गाडी काढून येणार, आणि मैदानाची अर्धी बाजू प्रयोगाच्या वाफ्यांना मिळणार. घर सोडायची गरज नाही, आजाऱ्याला टाकून जायची गरज नाही. थोरलीने दुसऱ्याच दिवशी नाव घातलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या दारात काहीतरी आणून ठेवलंय, असं तिला वाटलं.

शेवटी एक मेख होतीच. दोन वर्षांनंतर विद्यापीठाच्या हिरवळ संशोधन केंद्रात पुढे शिकायला वर्गातला एकच जण जाणार होता, आणि तो वाफा बघून निवडणार होते. ज्याचं गवत सरस, तो जाणार. तिथून बाहेर पडलेल्या माणसाला मोठी मैदानं बोलावून घेतात. बाकीच्यांना प्रमाणपत्र आणि शुभेच्छा. थोरलीला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की ती कुणाजवळ बोलायचीही नाही. वाफ्यावर मात्र ती डोळ्यांत तेल घालून बसायची. निवडीच्या जरा आधी तिने विरळ जागी नवं बी टाकलं आणि ते उगवलंही. केसाहून बारीक कोंब, उन्हाची तिरीप पडली तरच दिसणारे.

वर्गात तिच्याहून वयाने मोठा एकच जण होता, बसवरचा ड्रायव्हर. डोळ्यांनी दगा दिला म्हणून त्याची गाडी सुटली होती. आता पन्नाशीत तो वहीत गवताच्या मुळांची चित्रं काढत बसायचा. "ताई, इतकी वर्षं रस्ता बघितला," तो म्हणायचा, "रस्त्याच्या कडेला काय उगवतं ते आत्ता बघतोय." त्याचा वाफा थोरलीच्या खालोखाल होता. दोघांनाही ते ठाऊक होतं आणि तरी दोघं एकमेकांना बी उसनं देत होते.

इकडे घरी वडिलांचं एकच पालुपद. किल्ली कुठे आहे? मैदानाच्या शेडची किल्ली. कपाटं उपसायचे, गाद्या उलट्या करायचे, शेवटी रडकुंडीला यायचे. आईच्या नाकी नऊ आले. त्या सत्रात शेडची जबाबदारी थोरलीकडे होती. कॉलेज आता शेडमध्ये फवारणीची औषधं ठेवायचं आणि तिला नवं कुलूप लावलं होतं, म्हणून जुनी किल्ली तिच्याकडे नुसतीच पडून होती. तिने ती वडिलांच्या हातात ठेवली. काय बिघडणार होतं? ती कशालाच लागत नव्हती. वडिलांनी ती शिट्टीच्या दोरीत ओवली आणि त्या दिवसापासून घर शांत झालं. आपण किती सोपा उपाय काढला, म्हणून थोरली स्वतःवर खूषही झाली.

पुढे नवं कुलूप गंजून अडकलं. सगळे शेडबाहेर खोळंबून उभे होते, मॅडम यायची वेळ झाली होती. थोरलीने कुलूप तोडलं आणि खणातलं जुनं कुलूप, त्याच्या दुसऱ्या किल्लीसकट, काढून लावून टाकलं. तात्पुरतं. कामाच्या घाईत वडिलांकडच्या किल्लीची आठवण तिला झाली नाही. त्या क्षणी नाही आणि नंतरही नाही.

एका थंड सकाळी वडील घरात नव्हते. आई दारात येऊन बघते तो ते रस्त्याने परत येताना दिसले. गुडघ्यापर्यंत भिजलेले, बुटांतून पाणी निथळतंय, ओठ निळे पडलेले, आणि चेहऱ्यावर मात्र कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं असं समाधान.

"कुठे गेला होतात?" आईने विचारलं.

"कामावर," ते म्हणाले.

असं ते रोजच म्हणायचे. खुर्चीत बसूनही ते कामावर असायचे. आईला वाटलं, कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाशी पाण्यात उभे राहिले असतील. थोरलीने त्यांचे पाय कोरडे केले, विजार बदलली. विजारीला कसलासा उग्र वास होता, पण ती स्वतः दिवसभर औषधांत असायची, तिला तो आपल्याच हाताचा वाटला. संध्याकाळी ताप चढला. थंडी छातीत उतरली, डॉक्टर म्हणाले. पुढच्या काही दिवसांत सगळं आटोपलं. माणूस गेला, धाकटी आली, रडली, परत गेली, आणि घरात आई आणि थोरली अशा दोघी उरल्या. शिट्टी आणि किल्ली दोरीसकट आईने उशीखाली ठेवली होती. ती किल्ली कसली, याचा विचार करायला कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?

थोरली कॉलेजात परत गेली तेव्हा सगळा वर्ग वाफ्यांच्या कडेला उभा होता आणि कुणी बोलत नव्हतं. तिला वाटलं, आपल्या दुःखामुळे गप्प आहेत. मग तिने खाली बघितलं.

हिरव्यागार गवतात पिवळी पावलं उमटली होती. शेडपासून निघून, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, आडवी, उभी, पुन्हा आडवी. तणनाशकाचं असंच असतं. अंगावर पडलं की गवत लगेच काही दाखवत नाही, आठवडाभर मजेत असल्यासारखं उभं राहतं, आणि मग मुळापासून मरतं. विषात भिजलेले बूट घालून कुणीतरी सगळ्या वाफ्यांतून फिरलं होतं. कुणाचं दोन वर्षांचं काम वाचलं नव्हतं.

एक सोडून. थोरलीच्या वाफ्याला ती पावलं काठाकाठाने वळसा घालून गेली होती.

"माझंच काम असणार," ड्रायव्हर म्हणाला. वाटेवरचं तण मारायला त्यानेच पाठीवरचा पंप भरला होता. काम अर्धं राहिलं म्हणून भरलेला पंप तसाच शेडमध्ये जमिनीवर ठेवला होता, दुसऱ्या सकाळी पंप आडवा पडलेला मिळाला, आणि आदल्या संध्याकाळी फाटकाकडे जाताना ड्रायव्हर स्वतः वाफ्यांतूनच गेला होता. "मी बूट धुतले होते. मला वाटतं धुतले होते. आता शपथ घेऊन नाही सांगता येत."

मॅडमनी कपाळाला हात लावला. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही हा वर्ग प्रिय होता, आणि विद्यापीठात या गावच्या कॉलेजसाठी त्याच भांडल्या होत्या. "पुढच्या आठवड्यात निवड आहे," त्या म्हणाल्या. "आता जे शिल्लक आहे त्यावरच होईल." सगळ्यांच्या नजरा थोरलीच्या वाफ्याकडे गेल्या आणि मग थोरलीकडे. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बरोबर हिचाच वाचला." ड्रायव्हरने मान वळवून त्या माणसाकडे असं बघितलं की तो गप्प झाला. ड्रायव्हरचं नाव वर्गातून काढायचं की नाही, ते वर ठरणार होतं.

थोरलीच्या कानावर यातलं अर्धंच पडत होतं. ती पावलं बघत होती. डावं पाऊल स्वच्छ, टाचेपासून चवड्यापर्यंत पूर्ण. उजवं फराटा मारल्यासारखं लांबलेलं. डावं पूर्ण, उजवं फराटा. आणि चालण्याची ती रीत, आडवं जाऊन थोडं सरकून परत येणं. पंप पाठीवर घेतलेला थकलेला माणूस असा चालत नाही. दव झाडणारा चालतो. शेडच्या दारावर ते जुनं कुलूप निवांत लटकत होतं.

तिला सगळं एकदम दिसलं. अंधुक उजेडात शेडमध्ये काठी शोधणारे वडील, पायाने लवंडलेला पंप, कापडी अस्तराचे जुने बूट ते पाणी पिऊन घेताहेत. मग सगळं मैदान, शांतपणे, नेमाने. तिचा वाफा आला तेव्हा त्यांच्या विझत चाललेल्या डोळ्यांनाही ते केसाहून बारीक कोंब दिसले असणार. नव्या पेरणीवर पाय ठेवायचा नाही, हे त्यांना बायकोचं नाव विसरल्यावरही आठवत होतं. ते वळसा घालून गेले. आणि ती थंडी अंगात घेऊन घरी आले. किल्ली कुणी दिली? हिने. कुलूप कुणी लावलं? हिनेच.

घरी जाऊन तिने आईला सगळं सांगितलं. काही ठेवलं नाही. आई भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली. भाजी संपल्यावर तिने सुरी खाली ठेवली.

"कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग बोलू नकोस." आई तिच्याकडे बघत नव्हती. "ते गेले. आता त्यांचं एवढंच उरलंय, की गवत राखावं तर त्यांनी. तेही घालवणार आहेस तू? लोक म्हणतील, शिट्टीने जाता जाता मैदान मारलं."

"आई, त्या ड्रायव्हरदादांचं नाव काढताहेत."

"तो पंप भरून ठेवून गेला, काढू देत." मग तिचा आवाज फुटला. "आणि तू? तुझा वाफा एकटा उरलाय. ती जागा तुला घरबसल्या मिळतेय. इतकी वर्षं आमचं गू-मूत काढलंस, एवढं तरी घे. त्यांनीच दिलंय समज."

थोरली त्या रात्री झोपली नाही, हे सांगायला नकोच. जागा तिला हवी होती. अजूनही हवी होती, आणि या गोष्टीची तिला घृणा आली. वडिलांनी दिलंय समज, हे आईचं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. खरं होतं ते. तेच तर वाईट होतं. गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. ड्रायव्हर घरी जाईल, जन्मभर आपले बूट आठवत बसेल आणि शपथ घेऊन सांगता येत नाही म्हणत राहील. एका माणसाला आपल्याच हातापायांवर विश्वास उरू नये, हे काय असतं ते तिने घरात बघितलं होतं.

सकाळी तिने माळ्यावरून वडिलांचे बूट काढले. आईने ते धुऊन, कागद भरून ठेवले होते. आईच्या उशीखालची दोरीही तिने मागून घेतली. आईने ती दिली.

मॅडम आल्या, वर्ग जमला. थोरलीने डावा बूट डाव्या पिवळ्या पावलावर ठेवला. तंतोतंत. मग उजवा फराट्याच्या सुरुवातीला. त्याच्या तळाची बाहेरची कड घासून पार सपाट झाली होती. मग तिने दोरीतली किल्ली शेडच्या कुलपात घातली आणि फिरवली. कुलूप उघडलं. तिने जे सांगायचं ते सांगितलं.

पहिला ड्रायव्हर बोलला. "ताई, पंप मीच ठेवला होता ना भरलेला? राहू दे की माझ्यावर. त्यांना कशाला यात आणता?"

"तुम्ही बूट धुतले होते, दादा," थोरली म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं."

ड्रायव्हरने चष्मा काढला आणि तो पुसत राहिला.

मॅडमनी किल्ली हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "विषारी औषधांची खोली आहे ती," त्या म्हणाल्या. "तिची किल्ली बाहेरच्या माणसाकडे. हे मला झाकता येणार नाही. तुम्हाला कळतंय ना?" थोरलीने मान हलवली. "तुमचा वाफा सगळ्यांत चांगला होता," मॅडम म्हणाल्या, आणि तो 'होता' ऐकून थोरलीला कळलं की झालं, संपलं.

ड्रायव्हरचं नाव राहिलं, समज देऊन. थोरलीचं काढलं. केंद्रात या वर्षी कुणीच जाणार नाही असं विद्यापीठाने ठरवलं, म्हणजे तिने जे सोडलं ते दुसऱ्या कुणाला मिळालं असंही नाही. वर्गातले दोघेतिघे तिला रस्त्यात भेटले तर पलीकडच्या बाजूला जायचे. आणि गाव बोललंच. जन्मभर लोकांना शिट्ट्या मारल्या आणि शेवटी स्वतःच गवत मारून गेला, असं म्हणून चहाच्या दुकानात हसले. आईच्या कानावर ते आलं. आईने थोरलीशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण शब्द नाही.

सगळे वाफे खरवडून नव्याने पेरायचे ठरले. मशीन दुसऱ्या दिवशी येणार होतं. त्याआधी कडेकडेचं मेलेलं गवत हाताने काढावं लागतं. थोरलीने मॅडमना विचारलं, तेवढं मी करू का? मॅडमनी हो म्हटलं. ती दुपारपासून गुडघ्यांवर बसून खुरप्याने एकेक पिवळं पाऊल सोलून काढत होती. हातातलं प्रत्येक ढेकूळ टोपलीत टाकताना तिला रडू येत होतं आणि ती ते आवरतही नव्हती. कुणी बघायला नव्हतं.

ऊन कलल्यावर तिने मान वर केली तर कठड्यापाशी आई उभी होती. दोन्ही हात कठड्यावर, डबा ठेवायची त्याच जागी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"येऊ का?" आईने विचारलं.

थोरलीने मान हलवली. आईने चपला काढल्या, कठड्याला वळसा घालून आली आणि गवतावर पाय ठेवताना क्षणभर थबकली. मग उरलेल्या पावलांच्या बाजूबाजूने, त्यांच्यावर पाय न देता, चालत निघाली. त्यांनी जसं आडवं जाऊन सरकून वळण घेतलं होतं तशीच तीही वळत गेली. थोरलीच्या वाफ्याच्या काठाशी ती थांबली. तिथे दोन पावलं शेजारी शेजारी होती. फराटा नव्हता. आणि त्यांच्याभोवतीचं गवत चांगलं ताटाएवढं जळून गेलं होतं.

"इथे असं का?" आईने विचारलं.

"इथे उभे राहिले होते. बूट निथळत होते ना." थोरली जवळ आली. "बराच वेळ उभे असणार."

"काय बघत होते?"

थोरलीने वाफ्याकडे बोट केलं. तिरक्या उन्हात नवे कोंब आता सहज दिसत होते, बोटभर झाले होते. आईने ते बघितले. मग हळूच आपली दोन्ही पावलं त्या पिवळ्या पावलांत ठेवली. तिचे पाय त्यांत लहान पडत होते.

"एवढ्या थंडीत," आई म्हणाली. "आणि मी म्हणत होते, नळाशी गेले असतील." तिने तोंडाला पदर लावला नाही, डोळे पुसले नाहीत. पाणी वाहू दिलं.

"आई, एवढी दोन मी ठेवली असती," थोरली म्हणाली. "पण उद्या मशीन येणार आहे. सगळंच निघेल."

"कधी येणार?"

"सकाळी."

आईने शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. "तू तुझं काम कर," ती म्हणाली. "ते येईपर्यंत मी इथेच उभी राहते."

थोरलीने खुरपं उचललं आणि दुसऱ्या टोकापासून पुन्हा काढायला सुरुवात केली.